उतार

निळी बाटली आधी फडताळात ठेव, म्हणाला डेरिक प्रॉबर्ट.
नदी निळी असते ती नकाशात,
नाहीतर जिच्या पाण्यानं ज्यांचा उंबरा कधी ओलांडला नाही
त्यांच्या डोक्यात.

मग त्यानं तळ रंगवला:
मधोमध काळपट, कडेकडे गढूळ,
अगदी काठाशी दूध जास्त झालेल्या चहासारखा.
तीन मिलिमीटरच्या पाटीवर
खोली मिळते ती एवढीच, रंगाची.

टेगन, त्याची भाची, बारा वर्षांची,
मांजरासाठी आणलेल्या पिशवीतून धोंडे निवडत होती.
चहाच्या पुड्या फाडून वाळवलेला चोथा,
ती काठावरची पानगळ.
वॉर्निशचे सात हात, प्रत्येक हातामागे एक रात्र.
पाचव्या रात्री मांजर नदी ओलांडून गेलं.
चार पंजे अजून आहेत दुसऱ्या वळणावर.
असू दे, म्हणाला, भोवरा आहे तिथे.

काठाचा गाळ मात्र विकतचा नव्हता.
मुरंब्याच्या बरणीत, खिडकीत,
चाळलेला, तांबूस, फेब्रुवारीचा.

त्या फेब्रुवारीत वाय नदी मॉनमथमध्ये
त्याच्या मागल्या दारानं आली.
फोमच्या टेकड्या तरंगत जिन्याच्या चौथ्या पायरीला लागल्या,
तारेच्या झाडांचं रान दिवाणखान्यात गेलं.
एकतीस वर्षं पुलाखालची मोजपट्टी वाचलेला माणूस,
रोज सकाळी वहीत आकडा, फोनवर आकडा,
त्या रात्रीचा आकडा त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाचला.
फोन करायला कुणी नव्हतं.

शिशाचे शिपाई तेवढे जागेवर राहिले,
खालच्या फळीवर, रांगेत, गाळाखाली, बंदुका खांद्याला.
चमच्यानं काढले त्यानं.
एकशे चौतीस.
एकही पळाला नव्हता.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये नऊ तुकडे जोडून नदी अंथरली.
ग्विलिमचे घोडेस्वार पाण्यात उतरले.
ओलांडायला अर्धी चाल, नियम जुना.
आणि टेगननं विचारलं,
ही वाहते कुठून कुठे?

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
एका कडेवरून येते, दुसऱ्या कडेशी संपते,
झरा नाही, समुद्र नाही,
खेळ संपला की खोक्यात.
हातातले फासे तसेच राहिले.
डेरिक गुडघे मोडत खाली बसला,
टेबलाच्या पातळीला डोळा लावला,
खिशातून एक छर्रा काढून पाण्यावर ठेवला.
छर्रा थांबला.
मग विचार करून निघाला,
पंजांच्या भोवऱ्यात अडखळला, सुटला,
आणि किटलीच्या बाजूला खाली पडला.
तिकडे समुद्र, म्हणाला डेरिक.

एक नियम त्याचा स्वतःचा होता,
पेन्सिलीनं लिहिलेला, पुस्तकाच्या मागल्या पुठ्ठ्यावर:
दर फेरीला एक फासा. सहा पडले तर पाणी चढतं,
उतार बंद.

सहा पडले.

ग्विलिम चिडला. अकरा स्वार मधोमध,
पलीकडचा काठ बोटभर लांब.
खेळ आहे रे हा, म्हणाला, तुझं घर नाही.
डेरिक काही बोलला नाही.
एकेक घोडा दोन बोटांत धरून उचलला,
पुसल्यासारखा अंगठा फिरवला त्याच्या पोटावरून
आणि टेबलाबाहेर ठेवला, तोंड नदीकडे करून.

रात्री तुकड्यातुकड्यामध्ये कागद घालून
नदी बुटांच्या खोक्यात गेली.
पुलावर दोघं थांबले.
खाली अंधार, नुसता आवाज.
दोन मीटर दहा, म्हणाला तो, उतरतंय.
मोजपट्टी दिसत नव्हती.
टेगननं काही विचारलं नाही.
पूल संपेपर्यंत तिनं खोका दोन्ही हातांत आडवा धरला होता,
सांडू नये म्हणून.